तात्यांच्या घरची कॉपी

शंकरतात्या रोज संध्याकाळी आमच्या साखर कारखान्याचा कॉम्प्युटर जेवणाच्या डब्यात घालून घरी न्यायचे. म्हणजे त्यातले प्रोग्रॅम फ्लॉपीवर उतरवायचे आणि फ्लॉपी धुतलेल्या डब्याच्या वरच्या कप्प्यात. मग एसटीनं आपल्या गावी, अंथुर्ण्याला. "हितं आग लागली तर?" एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांचे वडील मेंढरं मोजल्याशिवाय जेवत नसत, हे फ्लॉप्या मोजल्याशिवाय गेट सोडत नसत.

मी पुण्याहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आलेला, सहा महिन्यांच्या बोलीवर. ऐट मात्र कायम नोकरीची.

प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलली तरी तात्या जुना जपून नव्याला नवा नंबर द्यायचे. तोडणी-१, तोडणी-२, असं चाळीसपर्यंत. कुणी बदललं, का बदललं, ते फ्लॉपीवरच्या चिठ्ठीत. "मागं फिराया वाट ठिवा, सायेब," म्हणायचे. मी हसायचो. एका गुरुवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, मी माझा सुधारलेला प्रोग्रॅम तेवढा ठेवला आणि बाकीचे चाळीस पुसून टाकले. कपाटातल्या फ्लॉप्याही कोऱ्या केल्या. मला नीटनेटकेपणाची फार आवड.

दहा वाजता ऊसतोडणीची यादी छापली. माझ्या सुधारणेत लावणीच्या तारखांचा क्रम उलटा झाला होता आणि सगळ्यांत आधी तोडायला गुडघ्याएवढा ऊस निघाला. टोळ्या खोळंबल्या. शेतकी अधिकारी म्हणाले, दुपारपर्यंत खरी यादी द्या, नाहीतर पुण्याची गाडी पकडा. मी नेमकं काय बदललं होतं ते मलाच आठवेना. लिहून ठेवणं मला बावळटपणाचं वाटायचं ना.

मोटारसायकल काढून अंथुर्णे गाठलं. तात्या अंगणात कपडे वाळत घालत होते. सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत. तांदळाच्या डब्यातून कालची फ्लॉपी काढून दिली आणि म्हणाले, चहा घेऊनच जायचं. बायको जाऊन आठ वर्षं झालेली, मुलगी सासरी. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"सहा वर्सं रोज आणतुया," कप पुढं करत ते म्हणाले. "न्याया आज पयल्यांदा कुणीतरी आलं."

मला फार लाज वाटली. यादी वेळेत निघाली, नोकरी वाचली.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा गेलो. मला दारात बघून तात्यांचा चेहरा पडला.

"आता काय पुसलं?"

काही नाही, नुसता चहाला आलोय, म्हणालो.

तात्या मला बसायला सांगून शेजारी दूध मागायला गेले, पायात चपला न घालताच.