उभय पक्ष आणि हिरवं औषध

आपल्या सायकलला यापुढे पंक्चर होणार नाही, असं हेडक्लार्कांनी ठरवलं. पंक्चर होऊ नये अशी इच्छा सगळेच करतात. हेडक्लार्कांनी ठरवलं, हा फरक आहे. (चष्मा विसरायचा नाही, असंही त्यांनी पूर्वी एकदा ठरवलं होतं. तेव्हा तो कपाळावर होता आणि सगळं ऑफिस तो शोधत होतं.)

ठरवायला तसं कारणही घडलं होतं. पंक्चरपायी त्या दिवशी महिन्यातला तिसरा लेटमार्क लागला. साहेबांनी नुसतं घड्याळाकडे बघितलं. वंगणाने काळे झालेले हात पाठीमागे लपवत हेडक्लार्क आवक-जावकच्या टेबलाशी जाऊन बसले. सकाळी कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही म्हणाला होता, "साहेब, आता ही ट्यूब राहिलेली नाही. नुसते पॅच एकमेकांना धरून बसलेत."

घरी बायकोने निकालच दिला. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरातही उत्तर एकच असतं असं मानायची.

"आणखी एक पंक्चर झालं की सायकल भंगारात. माझा भाऊ रोज तुमच्या ऑफिसवरून जातो. त्याच्या स्कूटरवर मागे बसून जायचं."

मेव्हणा माणूस वाईट नव्हता, पण त्याला स्वप्नं पडायची आणि ती तो सांगायचा. मागे एकदा सायकल दुरुस्तीला दिली होती तेव्हा हेडक्लार्क तीन दिवस त्याच्या मागे बसले होते. त्या तीन दिवसांत एकच स्वप्न सांगून झालं होतं. त्यात मेव्हणा जहाजाचा कप्तान होता, ते जहाज एका दवाखान्याच्या जिन्यात अडकलं होतं, आणि ते कसं काढावं याबद्दल तो प्रत्येक सिग्नलला मान वळवून हेडक्लार्कांचं मत विचारायचा. जहाज पुढे निघालं की नाही, याची हेडक्लार्कांनी कधीही चौकशी केली नाही.

म्हणून ते सायकलच्या दुकानात गेले आणि हिरव्या द्रवाची एक बाटली घेऊन आले. ट्यूबमध्ये हे भरलं की खिळा घुसला तरी भोक आतल्या आत बुजतं, हवा जात नाही, असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं.

रविवारी सकाळी त्यांनी अंगणात सायकल उलटी उभी केली. बाटलीबरोबरचा सूचनांचा कागद तीनदा वाचला, लाल पेनने अधोरेखित केला. फक्त औषधाचा रंग बघायला म्हणून बाटलीचं झाकण आधीच काढून ठेवलं होतं. मग पहिली सूचना आली: बाटली एक मिनिट जोरात हलवा. सूचना हा हेडक्लार्कांचा श्वास होता. त्यांनी हलवली.

तेवढ्यात फाटकातून मेव्हणा आत आला आणि जागीच थबकला. भिंत हिरवी, वाळत घातलेली चादर हिरवी, आणि मधोमध भावोजी.

"ताई! भावोजींना काय झालं गं?"

"काही नाही. औषध भरतायत," ती आतूनच म्हणाली.

"कुणाला?"

"सायकलला."

"मग यांच्या तोंडाला कसं लागलं? चाखून बघितलं का?"

हेडक्लार्कांनी चष्मा पुसला. त्याने तो आणखी हिरवा झाला. पण गडी मागे हटणारा नव्हता. उरलेलं औषध दोन्ही चाकांना पुरेसं होतं. त्यांनी व्हॉल्व्हची पिन काढली, हवा सोडली, नळीने औषध आत ढकललं, पिन लावली, हवा भरली, आणि औषध सगळीकडे पसरावं म्हणून चाकं गरगर फिरवली. मेव्हणा पायरीवर बसून बघत होता.

"भावोजी, भंगारवाल्याला आजच सांगून ठेवू का?"

हे हेडक्लार्कांच्या वर्मी लागलं. ते तरातरा आत गेले आणि कोरा कागद घेऊन आले. तीस वर्षांची नोकरी त्यांच्या हातात उतरली आणि त्यांनी एकटाकी मसुदा लिहिला: 'उभय पक्षांपैकी ज्याच्या वाहनास यापुढे पंक्चर होईल, त्याने त्या तारखेपासून एक महिना दुसऱ्या पक्षाच्या वाहनावर मागे बसून कार्यालयात जावे. सबब कोणतीही चालणार नाही.' खरं म्हणजे अट एकट्या सायकलपुरतीच होती. पण 'उभय पक्ष' लिहिल्याशिवाय त्यांना कागद कागदासारखा वाटेना. मेव्हण्याने हसत हसत सही केली. बायकोने साक्षीदार म्हणून केली.

"आता बघ!" म्हणत हेडक्लार्कांनी एक खिळा आणला आणि स्वतःच्या हाताने मागच्या टायरमध्ये ठोकला. बायकोने डोळे मिटून घेतले. त्यांनी पकडीने खिळा उपसला. फुस्स झालं, हिरवा थेंब वर आला, त्यांनी चाक फिरवलं, आणि आवाज थांबला.

"पुन्हा करा," मेव्हणा म्हणाला.

त्यांनी पुन्हा केलं. मग पुढच्या चाकाला केलं. मग बायकोला डोळे उघडायला लावून पुन्हा केलं. टायर दगडासारखा घट्ट राहिला. हेडक्लार्कांना इतका आनंद इतक्यात कधी झाला नव्हता. त्या भरात त्यांनी खिळा हवेत भिरकावला. तो कुठे पडला, ते पाहिलं नाही. (ऑफिसची एक टाचणीसुद्धा या माणसाने आजवर हरवू दिली नव्हती.)

सोमवारी सकाळी मेव्हणा न बोलावता स्कूटर घेऊन आला. भावोजींची सायकल रात्रीत बसली असणार, याची त्याला खात्री होती. तो ऐटीत हॉर्न वाजवत फाटकातून आत शिरला आणि फुस्स झालं.

सायकल मात्र ताठ उभी होती. हेडक्लार्क खाली वाकले, स्कूटरच्या मागच्या टायरमध्ये रुतलेला खिळा त्यांनी ओळखला, आणि लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या.

"पंक्चर! तुला पंक्चर! अगं, बाहेर ये, याला पंक्चर झालं!"

बायको बाहेर आली. तिच्या हातात कालचा कागद होता. तिने तो शांतपणे वाचून दाखवला. 'उभय पक्षांपैकी' या शब्दांपाशी हेडक्लार्कांच्या टाळ्या थांबल्या.

"म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे तो तुमच्या मागे बसणार. महिनाभर."

"अगं, पण पंक्चर तासाभरात निघेल! माझी काहीच हरकत नाही. मी माफ केलं त्याला."

"सबब कोणतीही चालणार नाही. अक्षर तुमचंच आहे."

"नाहीतरी मला मेलं पेट्रोल भरायचा कंटाळाच येतो," म्हणत मेव्हणा कॅरिअरवर बसला. सायकल करकरली, पण टायर जराही दबला नाही. हेडक्लार्कांनी दात-ओठ खात पॅडल मारलं. स्कूटरवर मेव्हण्याचं तोंड निदान पुढे असायचं आणि निम्मं स्वप्न वाऱ्यावर जायचं. आता ते थेट कानात येत होतं. चढावर मेव्हणा उतरायचा नाही, कारण उतरलं की त्याचा धागा तुटायचा.

चौथ्या दिवशी हेडक्लार्क एकटेच कोपऱ्यावर गेले.

"एक पंक्चर करून दे," ते हळूच म्हणाले.

पंक्चरवाल्याने पाण्याच्या घमेल्यातून मान वर केली. "साहेब, मी पंक्चर काढतो. करत नाही. आणि त्या औषधात माझा पॅचही चिकटत नाही."

ऑफिसला मात्र ते रोज वेळेवर पोहोचत होते. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. हेडक्लार्क घामाने निथळत ते ऐकून घेत होते आणि अजून तीन आठवडे आहेत, हे आठवून त्यांना रडू येत होतं.

शेवटी त्यांनी पुन्हा एकदा ठरवलं. तोच खिळा स्कूटरमधून निघाल्यापासून त्यांच्या खिशात होता. पुढच्या सोमवारी सिग्नलला सायकल थांबली. मेव्हणा रस्त्याकडे बघत होता. हेडक्लार्क बुटाची नाडी बांधायला म्हणून वाकले आणि सगळा जीव एकवटून त्यांनी खिळा पुढच्या टायरमध्ये दाबला आणि उपसला. फुस्स! असा गोड आवाज त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. आज लेटमार्क लागेल, सायकल भंगारात जाईल, पण उद्यापासून निदान स्कूटरचा वारा तरी मिळेल! ते डोळे मिटून वाट पाहू लागले. तेवढ्यात सिग्नल सुटला, मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले, आणि त्यांना नाइलाजाने दोन पॅडल मारावी लागली. चाक फिरलं. आवाज थांबला. टायरवर एक हिरवा ठिपका तेवढा राहिला.

"फुस्स झालं आणि लगेच बंदही! मानलं भावोजी तुमच्या औषधाला!" मेव्हण्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "हां, तर कुठे होतो आपण? ते जहाज आठवतं ना, दवाखान्याच्या जिन्यातलं? काल पुन्हा आलं. आणि या वेळी कप्तान तुम्ही होता!"