दम गेलेलं धनुष्य

जगात खरी नजर तिघांनाच असते, असं शोधराव म्हणत: घारीला, सासूला आणि त्यांना स्वतःला. पैकी घार आकाशात असते आणि सासू कामात असते, त्यामुळे गुन्हे उकलायची जबाबदारी आपोआप त्यांच्यावर पडत असे. 'शोधराव' हे नावही त्यांनी स्वतःच शोधलेलं. एरवी ते चष्म्याच्या दुकानात काचा घासत. त्यामुळे भिंगांना तोटा नव्हता. एक हातात, एक खिशात, आणि हातातलं हरवलं तर शोधायला तिसरं.

धाकटा भाऊ त्यांचा सहायक. तो कधी झाला, हे त्यालाही कळलं नव्हतं.

"दादा, आत्याचा फोन होता," गुरुवारी सकाळी धाकटा म्हणाला. "तिच्या धनुष्यातला दम गेलाय."

"गेला की नेला?" शोधरावांनी टोपी चढवली. उलटी. धाकट्यानं ती सुलट केली.

आत्यानं तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात दुसऱ्यांचे फोन जोडून दिले होते. निवृत्त झाल्यावर तिला स्वस्तातल्या प्लॅस्टिक पाईपची धनुष्यं करायचा नाद लागला. खिडक्या सताड उघडायच्या, माणसाच्या उंचीचा पाईप गॅसवर फिरवत मऊ करायचा, दोन फळ्यांमध्ये दाबून टोकं चपटी करायची, खाचा पाडायच्या, दोरी चढवायची. पुढच्या मैदानावर तिरंदाजी शिकवणाऱ्या प्रशिक्षक बाईंनी तिला शब्द दिला होता, की शनिवारी पाच वाजता घरच्या धनुष्यानं चाळीस पावलं बाण मारून दाखवा, रविवारचा मुलांचा वर्ग तुमचा.

"सोमवारी पंचेचाळीस पावलं गेला होता रे," आत्या म्हणाली. "आज बावीस! हा वर्ग हातचा गेला ना, तर उरलेला जन्म मी टीव्हीसमोर काढणार."

धनुष्य गॅलरीत खिळ्याला टांगलेलं होतं, दोरी चढवलेलं, ऐटीत.

"इथेच का टांगलंत?"

"रस्त्यावरून दिसतं ना. लोक वर बघतात."

शोधरावांनी धनुष्याचा वास घेतला. मग खिळ्याचा घेतला. मग धाकट्याचा घेतला, तुलनेसाठी.

"खालच्या मजल्यावरचे हेडमास्तर," ते पुटपुटले. "पट्टी हातात धरून आयुष्य गेलं. कुणाचं काही वाकलेलं त्यांना बघवत नाही."

"ते महिनाभर लेकीकडे आहेत, दादा."

"हीच तर त्यांची चाल!"

आत्यानं दुपारपर्यंत दुसरं धनुष्य केलं. बाण सेहेचाळीस पावलं गेला. ती दोरी उतरवून ते कपाटात ठेवणार, तेवढ्यात शोधराव ओरडले, "हात लावू नका! आहे तस्सं त्याच खिळ्यावर टांगा. आमिष आहे ते. चोर येईल, आपण धरू."

शुक्रवारी शोधरावांनी दुकानातून रजा घेतली आणि गॅलरीसमोर खुर्ची टाकली. ऊन असं रणरणत होतं, की समोरच्या भिंतीकडे बघवत नव्हतं. शोधराव पहिल्या दहा मिनिटांतच घोरायला लागले. धाकटा मात्र टक्क जागा होता. चार तासांत एक कबुतर आलं, धनुष्यावर बसलं, उडून गेलं. त्यानं ते वहीत टिपलं. शोधरावांनी उठल्यावर कबुतराला संशयितांच्या यादीत दुसरा नंबर दिला.

संध्याकाळी बाण एकोणीस पावलांवर पडला.

शनिवारी तीन वाजता आत्या मोरीत पालथ्या बादलीवर बसून होती. "मीच कमी पडले असेन," ती म्हणाली. धाकट्याला गलबलून आलं. शोधराव नव्या सिद्धांतावर होते: पाईपच्या दुकानदारानं आधीच थकलेला पाईप विकला.

तेवढ्यात गळका नळ दुरुस्त करायला नळवाला आला. पान्हा काढता काढता त्यानं गॅलरीत एक नजर टाकली.

"मावशी, दोरी चढवून उन्हात कुणी टांगलं हे?"

शोधराव भिंगातून छताकडे बघायला लागले.

"प्लॅस्टिक आहे हो. उन्हात वाकवून ठेवलं की त्याला तसंच राहायची सवय लागते. सरळ व्हायची इच्छाच मरते. मारायच्या वेळी दोरी चढवायची, झालं की उतरवायची, सावलीत ठेवायचं. एवढंच."

आत्या सावकाश शोधरावांकडे वळली. "पहिलं मी टांगलं. दुसरं?"

"आत्या, तपासाच्या दृष्टीनं..."

"फळी धर."

नळवाल्याकडे पाईपचा उरलेला, माणसाच्या उंचीचा तुकडा होता. आत्यानं तो गॅसवर फिरवला, शोधरावांनी फळ्या दाबल्या, एकदा स्वतःच्या बोटासकट. तो तपासातला त्यांचा पहिला ठोस पुरावा, अंगठ्याचा ठसा, पाईपवर कायमचा उमटला.

पाचला पाच कमी असताना, मैदानावर पोचल्यावरच, आत्यानं दोरी चढवली. बाण सुटला. प्रशिक्षक बाई पावलं मोजत निघाल्या. अडतीसला थबकल्या, खाली वाकल्या, आणि बुटाची नाडी बांधून पुन्हा चालू लागल्या.

"त्रेचाळीस!" त्या लांबून ओरडल्या. "उद्या सात वाजता या. मुलं वेळेवर येतात, तुम्हीही या."

आत्यानं आधी दोरी उतरवली, मग डोळे पुसले.

रविवारी अकरा मुलं आली. शोधराव भिंग घेऊन हजर होतेच, म्हणून आत्यानं त्यांना गवतातले बाण गोळा करायला लावलं. वीस बाण सुटले. सोळा मुलांनी आणले, तीन धाकट्यानं. तासभर रांगून शोधराव रिकाम्या हातानं उठले आणि गंभीरपणे म्हणाले, "विसावा बाण चोरीला गेलाय. कुणी जागचं हलू नका!"

"दादा," धाकटा म्हणाला, "तुम्ही त्याच्यावर उभे आहात."