नऊशे केबींचं नाक

"वजन उतरवायचंय ना? मग माझ्यावर सोड! चाळीस वर्षं शिंपीकाम केलंय. पिंपाएवढ्या माणसाला सडपातळ दाखवणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ!"

एवढी गर्जना करून सासरेबुवांनी माउस धरला. सूनबाईचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, त्याला ती तरी काय करणार! पडद्यावर एक गृहस्थ चष्मा लावून खुशीत मान डोलावत होते. चष्म्याच्या दुकानाच्या वेबसाइटसाठी हे हलतं चित्र बाराच्या आत शंभर केबीत बसवून पाठवायचं होतं, नाहीतर काम दुसऱ्याकडे! हात मोडल्यापासूनचं हे पहिलंच काम. चित्राच्या फाइलचं वजन नऊशे केबी आणि घड्याळात पावणेबारा.

सासरेबुवांनी कोपरा धरून गृहस्थांना मुगाएवढं केलं. "झाला बारीक!"

वजन? नऊशे!

"बाबा, ही रेघांची चित्रं. लहान केली तरी वजन तेवढंच. रेघेवर जितके बिंदू, तितकं वजन."

"म्हणजे टाचण्याच जास्त झाल्यात!"

"अगदी! चित्र एकावर एक थर रचून केलंय. बाजूच्या यादीत 'नको' नावाचा थर आहे बघा, माझी जुनी खोडाखोड. तो काढा आणि एक्स्पोर्टचं बटण दाबा, फाइल तयार."

तेवढ्यात फोन वाजला. "दुकानदार!" म्हणत सूनबाई गॅलरीत पळाली.

यादी मराठीत होती, ती खास सासरेबुवांसाठी. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना अक्षरओळख करून दिली ती याच सुनेनं. त्यांचा सराव व्हावा म्हणून ती थरांनाही मराठी नावं द्यायची. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. न आहे, क आहे, काना आहे. हाच तो! उडवला. वजन नव्वद! लगेच पाठवूनही दिलं.

सूनबाई परतली आणि किंचाळली, "बाबा, नाक कुठे गेलं?"

सासरेबुवांनी आधी स्वतःचं चाचपलं.

"चित्रातलं! चष्मा हवेत तरंगतोय! अहो, नाक कापलंत की माझं!"

तिनं यादी पाहिली. 'नको' जागच्या जागी होतं, 'नाक' गायब. आणि वजन 'नको'मध्ये नव्हतंच, नाकात होतं! फोटोवरून गिरवताना यंत्रानं एकेका रंध्राचा बिंदू टिपला होता, चार हजार!

पुन्हा दुकानदाराचा फोन. सूनबाईनं तो स्पीकरवर टाकला.

"ताई, काय डोकं लावलंय! चष्मा इतका हलका की नाकाचीही गरज नाही! फार आभारी आहे. पुढची पाच चित्रंही तुमचीच. सूचना लिहून पाठवतो."

सूनबाई मटकन खुर्चीत बसली. "बाबा, तुमच्यामुळे काम हातात राहिलं हो!"

"माझ्यामुळे कसलं? तू वाचायला शिकवलंस म्हणून!" सासरेबुवांचे डोळे पाणावले. "मास्तरीणबाई, तुझे उपकार कसे फेडू?"

इतक्यात फोनवर सूचना आलीच : 'नाक नको.'

"थांब, मी वाचतो!" त्यांनी बोट टेकवलं, ओठ हलवले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सूनबाई, घोळ झाला गं! आता दोन-दोन नाकं मागतोय!"