मुदत चार वाजेपर्यंत

कुठल्याही सरकारी खिडकीवर आपण एका फेरीत काम करून येतो, अशी यतीनची ख्याती होती. निदान सनीव्हेलच्या त्यांच्या दोन खोल्यांत तरी होती, कारण ती तो स्वतःच सांगायचा! त्यामुळे २००४ मधल्या त्या शुक्रवारी बायकोचा पाय मुरगळून भोपळ्यासारखा सुजला, तेव्हा हा लगेच म्हणाला, "एक कागद द्यायचा नि शिक्का घ्यायचा. त्यात काय!"

त्याची बायको आश्लेषा सॅन होजेतल्या एका वकीलबाईंकडे मदतनीस होती. कागद टॅनर नावाच्या कैद्याचा होता. सहा वर्षं आत. दरोडा पडला तेव्हा तो भावाच्या घरी होता, हे सांगणारा शेजारी तयार होता, पण टॅनरच्या वकिलाने त्याला साक्षीला बोलावलंच नव्हतं.

"राज्याच्या सगळ्या कोर्टांत हरलाय तो," आश्लेषा म्हणाली. "आता फेडरल, म्हणजे केंद्राचं कोर्ट. पण तिथे एकच वर्ष मिळतं. मधे राज्याच्या कोर्टात अर्ज होता तेवढे दिवस ते मोजणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. आज संपतंय. सोमवारी दिलास तर आत काय लिहिलंय ते कुणी वाचणारसुद्धा नाही!"

"म्हणजे मॅचमध्ये पाऊस आला की ओव्हर्स..."

"यतीन! चारला खिडकी बंद होते. साउथ फर्स्ट स्ट्रीट. नीघ!"

फर्स्ट स्ट्रीट यतीनच्या लक्षात राहिली. साउथ राहिलं नाही. नॉर्थच्या कोर्टात अर्धा तास रांगेत उभं राहिल्यावर कळलं, की हे राज्याचं कोर्ट!

पावणेचारला तो फेडरल कोर्टात धापा टाकत पोचला. दारावरच्या तपासणीत काढलेला पट्टा परत घ्यायलाही थांबला नाही. एका हातात अर्ज, दुसऱ्या हातात पँट!

खिडकीतल्या बाईंनी अर्ज चाळला. "एक चौकट रिकामी आहे. राज्याच्या कोर्टात जाऊन आलात?"

यांना कसं कळलं? यतीन चाटच पडला. "हो! आत्ता तिथूनच येतोय!"

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, इथे नाही, तिकडे जा."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. "तिथले सगळे उपाय एक्झॉस्ट झालेत ना?"

"मीच एक्झॉस्ट झालोय, मॅडम! पार्किंगपासून पळत आलो!"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरं. हा पहिला अर्ज की दुसरा?"

यतीनने खिडकीत ठेवलेल्या दोन प्रतींकडे पाहिलं. "हा दुसरा. पहिला खाली आहे."

"दुसरा असेल तर आधी वरच्या कोर्टाची परवानगी लागते. सॅन फ्रान्सिस्कोला."

तीन बावन्न! एक माणूस सहा वर्षं आत बसलाय आणि आपण तोंड उघडू तसा त्याला आणखी आत ढकलतोय! यतीनने घाईघाईने आश्लेषाला फोन लावला.

"अरे, ती झेरॉक्स आहे!" ती किंचाळली. "अर्ज एकच! तू आता गप्प बस आणि फोन त्यांना दे!"

बाईंनी ऐकलं, हसू दाबलं, चौकटीत खूण करून घेतली. तीन सत्तावन्नला शिक्का पडला. यतीनने दोन्ही हात वर केले आणि लगेच एक खाली घेतला. पँट!

बाई स्क्रीनकडे बघत थबकल्या. "टॅनर? यांचा अर्ज आमच्याकडे आहे की."

"म्हणजे हा खरंच दुसरा?"

"घाबरू नका, त्याच फाइलला जोडू. त्यांनी स्वतः हाताने लिहून पाठवलाय. कैद्याने तुरुंगाच्या टपालात दिला, त्या दिवशीच तो दाखल झाला असं धरतात. त्याला आज नऊ दिवस झाले."

बाहेर आल्यावर फोन वाजला. "शिक्का मिळाला ना रे वेळेत?" आश्लेषाचा आवाज रडवेला झाला होता.

"वेळेत काय विचारतेस! नऊ दिवस आधीच!"

"पण तू तर आज गेलास!"

यतीनने शिक्क्यावरची तारीख पुन्हा एकदा वाचली.

"ते मलाही नीटसं कळलेलं नाही," तो म्हणाला. "तू त्या बाईंनाच विचार. मी पट्टा घेऊन येतो."