आधी वायर, मग चहा

आमचे शेजारी खैरनारकाका कुणाच्याही घरी गेले की चपला काढतात आणि थेट शोकेसच्या मागे घुसतात. तिथे स्पीकरच्या वायरी असतात. यजमानीणबाई पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या, सोबत आलेल्या काकू सोफ्यावर, आणि काकांचे फक्त पाय दिसताहेत! "आधी वायर, मग चहा," आतून आवाज येतो.

काकांनी उभा जन्म अंबडच्या एका कारखान्यात माल तपासण्यात घालवला. बोली मात्र अजून गावाकडची, देवळ्याचीच. खिशात किल्ल्यांबरोबर एक पेन्सिल सेल. तो स्पीकरच्या वायरींना टेकवायचा; आतला पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर उलटी. मग खोलीच्या मधोमध डोळे मिटून उभं राहायचं आणि डावा-उजवा सारखे वाजतात का ते ऐकायचं. पाथर्डी फाट्याला एका वास्तुशांतीत गुरुजी आहुती देताहेत आणि हा गृहस्थ टीव्हीमागे ओणवा! लोकांना वाटलं अंगठी हरवली. दोघंतिघं शोधायलाही लागले.

तांबडी वायर काळीच्या जागी सापडली की काकांना कोण आनंद! "बघ गं!" ते काकूंना सांगणार, "वायर उलटी हाय. म्हटलं नव्हतं? दोष माणसात नसतो, वायरीत असतो!" सगळं ठीक निघालं की मात्र तोंड एवढंसं. चहासुद्धा अर्धा टाकतात. माझी तर तळपायाची आग मस्तकात जायची. अहो, माझे स्पीकर धड आहेत याचं तुम्हाला सुतक कशाला?

दिवाळीत फराळाचं ताट द्यायला त्यांच्याकडे गेलो. गाणी चालू होती आणि सगळा आवाज एकट्या उजव्या स्पीकरमधून. बॅलन्सचं बटण पार उजवीकडे! सापडला की चोर! "काका," मी म्हटलं, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान..."

काकांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि माझा दंड धरला. "हळू बोल, भाऊ. तिला उजव्या कानानं कमी येतं. डॉक्टर म्हणे, अजून कमी होणार. मी बटण थोडंथोडं सरकवत राहतो. तिला वाटतं, आपला सेट तेवढा चांगला, बाकीच्यांचे एकाच बाजूनं वाजतात. म्हणून लोकांच्या वायरी बघतो. दोष निघाला की तिचा जीव खाली पडतो. नाय निघाला तर घरी येऊन दोन दिवस गप बसते."

इतकी वर्षं या माणसाची टर उडवली! लाज वाटली मला माझी.

परवा दोघं आमच्याकडे येणार होते. बेल वाजायच्या आधी मी शोकेसमागे घुसलो आणि उजव्या स्पीकरची वायर उपसून ठेवली. बायको बघतच राहिली.

काकू बसल्या. मी गाणी लावली. थोडा वेळ ऐकून हळूच म्हणाल्या, "उजवीकडून काही येत नाही का हो?" काका आत घुसले. मग सुटलेली वायर धरून डोकं बाहेर काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पंखा बघत होतो.

"बघ गं!" काकांनी वायर उंच धरली. "वायरच निघालीय! दोष माणसात नसतो!"

काकूंचा चेहरा काय उजळला! काकांनी वायर जोडली आणि जाता जाता बॅलन्स गुपचूप उजवीकडे सरकवला.

"आता कसं दोन्हीकडून येतंय," काकू म्हणाल्या.

मला डावीकडून काहीसुद्धा येत नव्हतं. "हो ना काकू," मी म्हटलं, "आता लय भारी."

काकांनी त्या दिवशी दोन कप चहा घेतला.