इंदू भेकरीचा नवा कान

मुलांनो, मांडी घालून बसा. ज्यांच्या हातात मोबाइल आहे त्यांनी तो आईकडे द्या. आईच्याच हातात असेल तर राहू द्या.

एका जंगलात, जिथे वाघसुद्धा परवाना काढून शिकार करायचा, इंदू नावाची एक भेकरी राहायची. भेकर म्हणजे छोटं हरीण, घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकणारं. इंदू ऐन गरोदरपणात तापाने फणफणली आणि ठार बहिरी झाली. तिची ठकू जन्मली, ओरडली, बोलायला लागली, पण इंदूने तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

या जंगलाखाली, खोल खडकाच्या पापुद्र्यांत गॅस अडकलेला होता. तो काढायला एक कंपनी आली. कंपनी घुशीची होती, कारण जमिनीखालचं कुणालाही न विचारता पोखरायचा अनुभव तिच्या घराण्यात पिढीजात होता. सगळे तिला मॅडम म्हणत.

मॅडम खडकात पाणी घुसवायच्या, खडक फोडायच्या आणि गॅस वर काढायच्या. गॅसबरोबर खारट पाणीही वर यायचं. ते टाकायला मॅडमनी एक तळं खणलं आणि त्याचं लोकार्पण केलं. तळ्याच्या काठावर मिठाची पांढरी साय धरली. आता हरणांना मीठ चाटायला किती आवडतं, हे तुम्हाला कसं सांगू. एरवी त्यासाठी ती दुसऱ्या जंगलापर्यंत पायपीट करायची. इथे ते दारात आलं, आणि तेही फुकट. सगळं जंगल मॅडमना दुवा देऊ लागलं.

तळ्याकाठी एक पिवळी पेटीही टांगली होती. नियमात होती म्हणून टांगली. ती टिकटिक करायची. सुरुवातीला सशाने ती कशाला म्हणून विचारलं. प्रगती चालू आहे की नाही ते मोजायला, असं मॅडमनी सांगितलं. पुढे कुणी विचारलं नाही आणि हळूहळू कुणाला ती ऐकूही येईना.

कंपनीच्या वर्धापनदिनाला काहीतरी पुण्य करायचं ठरलं, म्हणून इंदूला कान देण्यात आला. सुतारपक्षी डॉक्टर होता. त्याने कानामागच्या हाडाला नेमकं भोक पाडून आत एक बारीक तार बसवली आणि बाहेरून चुंबकाने चिकटणारं बटण दिलं. बटण चालू झालं, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. इंदूही हसली. खरं तर तिला पत्र्यावर खडे ओतल्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं, पण एवढी मंडळी जमलीत म्हटल्यावर तिला ते सांगवेना.

कान मिळाला म्हणजे लगेच ऐकू आलं असं नसतं, मुलांनो. ऐकणं शिकावं लागतं. त्यासाठी भृंगराज मास्तर होते. हा काळा पक्षी साऱ्या जंगलाच्या नकला करतो. मास्तरांनी फांदीवर बसून आवाज काढायचा आणि इंदूने तो कोणाचा ते सांगायचं. त्यांचा एकच दंडक होता. जो आवाज ओळखता आला नाही त्याचा मालक शोधायचा आणि त्याला डोळ्यांनी बघून यायचं. त्याशिवाय पुढचा धडा नाही.

इंदू त्यापायी चिखलात उतरली, वारुळांत डोकावली, एकदा तर घोरणाऱ्या वाघापाशी जाऊन आली. ठकूचा आवाज तिला आधी बेडकासारखा वाटायचा. मग सर्दी झालेल्या बेडकासारखा. आणि एका सकाळी मागून कुणीतरी "आई, भूक" म्हणालं आणि मान वळवण्याआधीच इंदूला कळलं की ही आपली ठकू. आनंदाने ती त्या दिवशी चरलीच नाही. ठकूला मात्र तिने पुन्हा पुन्हा भूक लागल्याचं सांगायला लावलं.

मग तिने मास्तरांना विचारलं, ही टिकटिक कोणाची?

"कसली टिकटिक?" मास्तर म्हणाले.

साऱ्या जंगलाचे आवाज काढणाऱ्या मास्तरांना ती ऐकूच येत नव्हती. सशाने कान टवकारले आणि रातकिडे असतील म्हणाला. हत्ती म्हणाला, असले बारीक आवाज आमच्या घराण्यात कुणी ऐकत नाही.

पण दंडक म्हणजे दंडक. इंदू मालक शोधत निघाली आणि पेटीपाशी पोचली. पेटी सावकाश टिकटिकत होती. तेवढ्यात ठकू मिठाने पांढरं झालेलं तोंड घेऊन आईला बिलगायला आली आणि पेटी फोडणीतल्या मोहरीसारखी तडतडू लागली. ठकू मागे सरली, तशी पेटी सावकाश झाली. ठकू जवळ आली, पुन्हा तडतड.

इंदूने मास्तरांना ओढून तिथे आणलं. त्यांनी डोळे मिटून नीट ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. खडकाच्या पोटातून पाण्याबरोबर किरणोत्सारी क्षार वर येतात, ते न दिसता शरीर पोखरतात आणि अशी पेटी तेच मोजते, हे त्यांनी पूर्वी वर्गात शिकवलंसुद्धा होतं. इंदूने ठकूचं तोंड झऱ्यावर खसखसून धुतलं आणि तिला घेऊन थेट मॅडमचं बीळ गाठलं.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टरला बोलावलं. त्याने इंदूचा कान तपासला. प्रत्येक आवाज तिने बरोबर ओळखला.

"निकाल फारच उत्तम आहे," तो म्हणाला.

"तीच तर अडचण आहे," मॅडम म्हणाल्या. "इंदूताई, बटण जरा कमी करून देऊ. मोठे आवाज येतील, माझी भाषणं येतील. बारीकसारीक तेवढं गळून जाईल."

"माझ्या ठकूचा आवाज बारीक आहे."

"मग ती मोठी होईपर्यंत थांबा."

"त्या तळ्याचं मीठ चाटून ती मोठी होईल का, तेवढं सांगा."

मॅडमनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. पाणी बाटलीतलं होतं. मग त्यांनी समजावून सांगितलं, की बटण कंपनीच्या मालकीचं आहे. ते हवं असेल तर तळ्याकाठीच राहायचं, समारंभांना यायचं आणि टिकटिक ऐकू येत नाही असं म्हणायचं.

इंदूने ठकूला जवळ घेतलं आणि काहीतरी बोल म्हणाली. ठकूने मॅडमकडे बघितलं आणि "आई, हिच्या मिशा हलतायत" म्हणाली. इंदूने ते मन लावून ऐकलं. मग बटण काढून टेबलावर ठेवलं आणि ठकूला पुढे घालून ती डोंगर चढू लागली.

मास्तरांनी जंगलाला सगळं सांगून पाहिलं. पेटीची नक्कल फार छान करता, असं सगळे म्हणाले. मॅडमनी मात्र तक्रारीची गंभीर दखल घेतली आणि पेटी काढून टाकली. इतके दिवस काहीतरी टिकटिकत होतं हे सशाला तेव्हा कुठे जाणवलं, आणि आता किती शांत वाटतंय असं म्हणून तो मीठ चाटायला गेला.

डोंगरावर गोडं पाणी होतं, पण मीठ नव्हतं. ठकू वाटभर कुरकुरत होती, पाय आपटत होती, मीठ मागत होती. इंदूला तिचं नुसतं तोंड हलताना दिसत होतं. ती हो हो म्हणत मान डोलावत राहिली. ती कुरकुर ऐकायला मिळावी म्हणून तिने काय वाटेल ते दिलं असतं. फक्त ठकू सोडून.

तात्पर्य : बहिऱ्याला कान जरूर द्यावा, पण त्याआधी तळ्याकाठची पेटी काढून घ्यावी. क्रम चुकला की दानशूरांना उगाच मनस्ताप होतो.