धक्का न देणारी गुंडी

एका आवाजातून दुसऱ्या आवाजात अलगद जाता येतं, हे मी धनजच्या जानरावांना एका गुंडीत सिद्ध करून देणार होते!

जानराव लाउडस्पीकरवाले. रेकॉर्ड बंद करून ते माइक सुरू करत, तेव्हा कर्ण्यातून असा 'ढप्प' आवाज निघे, की म्हातारी माणसं छातीला हात लावत. मी कारंज्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. तेव्हा अकरावी म्हणजेच मॅट्रिक; त्या वर्गातल्या भागिरथा या माझ्या विद्यार्थिनीचं लग्न परीक्षेआधी महिनाभर ठरलं. निदान तिच्या मांडवात तरी हा दणका नको, म्हणून जुन्या रेडिओच्या, आवाज कमी-जास्त करायच्या दोन गुंड्या मी एकाच दांडीवर उलटसुलट बसवल्या. दांडी हळू फिरवली की रेकॉर्ड विरत जाई आणि माइक चढत जाई.

"बाई, हे तं लोण्यावानी झालं," जानराव म्हणाले.

लग्नाच्या दिवशी मी स्टेजवर नवरीशेजारी बसले. समोरच माइक. रेकॉर्ड इतकी जोरात, की सगळा मांडव एकमेकांच्या कानात ओरडून बोलत होता. आम्हीही.

"बाई, मले परीक्षा द्यायची हाय. पन सासूले कोन विचारन? मले भेव लागते."

"तुझ्या सासूबाईंचा, केशरबाईंचा चेहरा बघून मलाच पेपर अवघड वाटतोय," मी म्हणाले.

जानराव लग्नातल्या वंदनेसाठी दांडी माइककडे फिरवत होते. अगदी अलगद. आमचं बोलणं आम्ही तोंडाने सुरू केलं आणि परीक्षा, सासू, अवघड पेपर असं सगळं निंबावरच्या तीन कर्ण्यांनी पूर्ण केलं. तो दणका ऐकूनच लोक गप्प बसायचे, हे माझ्या विज्ञानाच्या लक्षातच आलं नव्हतं.

सगळ्या मांडवाच्या माना स्टेजकडे वळल्या. भागिरथाने मान खाली घातली. आता परीक्षाच काय, लग्नही मोडतं, असं मला वाटलं. केशरबाई उठल्या, सावकाश आल्या आणि माइकसमोर उभ्या राहिल्या.

"सून परीक्षा देईन. सेंटरवर मी सोता आनीन."

आणि त्यांनी शब्द पाळला! प्रत्येक पेपरला सुनेला एसटीने आणलं, तीन तास फाटकाशी बसून राहिल्या. भागिरथा सेकंड क्लासमध्ये पास झाली.

केशरबाई पेढे घेऊन आल्या, तेव्हा माझे डोळे भरून आले. तुमच्या मोठ्या मनाचे उपकार कसे फेडू, असं मी म्हणाले.

"मन कायचं, बाई? चारशे लोकायसमोर नाही कशी म्हनू?"

तरीही मी त्यांच्या पाया पडले. त्या दिवशी त्या हो म्हणाल्या, एवढं मला पुरेसं होतं.